तुझ्या सासरच्या काचा

आत्या, तुझ्या काचा माझ्याकडे आल्या. तुझं सगळं झालं, मठाचे स्वामी येऊन गेले, लांबचे पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि मग अप्पांनी कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "गंगानं सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "काचेचं कपाट शैलाचं." किल्लीला अजून तुझ्या कमरेच्या करदोड्याचा तुकडा होता. जन्मभर त्या किल्लीचा आवाज घरात फिरताना मी ऐकला. ती हातात घ्यावी असं मला एकदाही वाटलं नव्हतं, खरं सांगते. त्या दिवशीही वाटलं नाही.

पण घेतली. का घेतली तेही सांगते, कारण आता तुला रागवायला जागा नाही. तू खोटं बोलत होतीस हे मला सिद्ध करायचं होतं.

लहानपणापासून आम्ही ती एकच गोष्ट ऐकली. काचा बेल्जमच्या. तुझे सासरे हैदराबादेत कुणा नवाबाच्या हवेलीत मुनशी होते, त्या हवेलीतून त्यांना हा नजराणा मिळाला, आणि तू विधवा होऊन माहेरी आलीस तेव्हा सासरची एवढीच वस्तू तुझ्यासोबत आली. उदगीरच्या गल्लीतल्या बायकांना तू हे सांगायचीस. लातूरला आल्यावर शेजारणींना सांगायचीस. दिवाळीत कपाट उघडून, मऊ फडक्यानं एकेक ग्लास पुसून परत ठेवायचीस. त्यातून पाणी प्यायची कुणाची छाती नव्हती.

घरी आणून मी ते सगळे ग्लास जेवणाच्या टेबलावर मांडले. हरभऱ्याच्या कोवळ्या पानासारखा पोपटी रंग, उभ्या धारा, बुडाशी चांदणी. सोबत झाकण हरवलेलं साखरेचं भांडं आणि दोन पसरट बशा. शिक्का नाही, अक्षर नाही, आकडा नाही. एकेक ग्लास उलटा करून मी भिंगाखाली धरला. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली, पण काचेकडं असं कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभर वाचत बसले. फुंकून केलेल्या काचेला बुडाशी सळई तोडल्याचा व्रण राहतो. तो इथं नव्हता. दोन बाजूंना अंगावरून बारीक शिवण खाली आली होती, म्हणजे वितळलेली काच साच्यात दाबून केलेला हा माल. नवाबासाठी कारागिरानं एकेक नग घडवलेला नव्हे. एका साच्यातून ढिगानं निघालेला.

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी उठून चहा केला.

आणि त्या चांदणीत एक खोट होती. चांदणीच्या एका टोकाला, जिथं ते सरळ निमुळतं व्हायला हवं तिथं, तिळाएवढा खड्डा. पहिल्या ग्लासात दिसला तेव्हा वाटलं, टवका उडाला असेल. पण तो दुसऱ्यात होता, तिसऱ्यात होता, सगळ्यांत होता, त्याच जागी. साच्यालाच खोट असली की त्यातून निघालेला प्रत्येक नग ती घेऊन येतो. ज्या काचेवर नाव नसतं तिची हीच सही.

मग एका दुपारी मी साखरेचं भांडं पिशवीत घालून नवऱ्याच्या कापडाच्या दुकानात गेले. तिथं नोटा तपासायचा निळा दिवा आहे. गिऱ्हाईक नव्हतं. अर्धं शटर ओढून घेतलं, दिवा लावला आणि भांडं त्याच्याखाली ठेवलं. ते आतून पेटल्यासारखं हिरवं झालं. माझा नवरा गल्ल्यावरून उठून आला. "हे काय गं? भुताटकी?" मी म्हटलं, युरेनियम. जुन्या काळी काचेला हा रंग यावा म्हणून चिमूटभर घालायचे. पुढं ते बंद झालं. म्हणजे काच जुनी होती आणि परदेशातूनच आलेली असण्याचा संभव होता. हैदराबादच्या एका संग्राहकाला मी फोटो पाठवले. त्यानं सांगितलं, असा माल तेव्हा युरोपातून जहाजानं मुंबईला उतरायचा आणि तिथून बाजारपेठांत जायचा. कारखान्याचं नाव कागदाच्या चिठ्ठीवर असायचं, ती पहिल्या धुण्यात निघून जायची. बेल्जियम असेल, आणखी कुठलं असेल. आता सांगता येत नाही.

म्हणजे तू खरी असू शकत होतीस. दुकानातल्या स्टुलावर बसून मी ते भांडं मांडीवर धरलं आणि मला हरल्यासारखं झालं. तुझ्याशी भांडताना कायम व्हायचं तसंच.

या काचांमधला सरबताचा जग फुटला त्या दिवसाचं आपण कधी बोललो नाही. लातूर जिल्हा झाला होता. अप्पांची उदगीरहून नव्या कचेरीत बदली झाली, आपण भाड्याच्या दोन खोल्यांत आलो, आणि अप्पांनी त्यांच्या नव्या साहेबांना जेवायला बोलावलं. मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी तू स्वतः होऊन कपाट उघडलंस. आईनं सब्जा घालून लिंबाचं सरबत केलं होतं. आईच्या हातच्या सरबताचं लोक नाव काढायचे, ते का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जग तूच गरम पाण्यानं धुतलास, तूच त्यात बर्फ टाकलास आणि आईच्या हातात दिलास. गरम काचेत बर्फ टाकला की काय होतं हे मी पुढं शेकडो मुलांना शिकवलं. आई दारापर्यंत पोचली आणि जग तिच्या हातातच दुभंगला.

तू साहेबांसमोर म्हणालीस, "माझ्या सासरचं येवढंच ऱ्हायलं होतं वैनी. तेबी तुमच्या हातानं गेलं."

आईचा तळवा कापला होता. ती खाली बसून तुकडे वेचत राहिली. अप्पा म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या," आणि साहेबांच्या ताटात पोळी वाढायला सांगितली. त्या दिवसापासून त्या कपाटाला हात लावायचं आईला बंद झालं. वर्षानुवर्षं कुणी काही फोडलं की तू हळूच म्हणायचीस, "वैनीसारखं झालं."

मी तुझा द्वेष करावा इतकं हे पुरेसं होतं. पण तू तेही सरळ होऊ दिलं नाहीस. मी दहावी झाले आणि चाकूरचं स्थळ आलं. घर चांगलं, शेती भरपूर, अप्पा तयार. आई नेहमीसारखी गप्प. तेव्हा तू चुलीपासून उठून बैठकीत आलीस, पाहुण्यांसमोर आलीस, डोक्यावर पदर घट्ट धरून. "अण्णा, हिला शिकू दे," तू अप्पांना म्हणालीस. "मला काय झालं बघितलास न्हवं? हातात कायबी न्हवतं म्हणून झालं." पाहुणे चहा टाकून गेले. अप्पा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत. आणि कॉलेजात पहिल्या वर्षी माझं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत लांबायचं तेव्हा तू कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून राहायचीस, पदराखाली शेंगदाण्याची पुडी धरून. जो दिवा घेऊन मी तुझं खोटं शोधायला निघाले, तो धरायला तूच शिकवलंस. याचं मी काय करू, आत्या? हे कुठं ठेवू?

पण दुसरं काही केल्या विसरता येत नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. नळ कोरडे, टँकर आला की गल्ली धावायची. आई अंथरुणाला खिळली होती, अन्न जात नव्हतं. दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मी कॉलेजातून सुटी काढून तिच्याजवळ होते. एका सकाळी ती म्हणाली, "शैले, त्या हिरव्या ग्लासात घोटभर पाणी दे गं."

तू उंबऱ्यात बसली होतीस. किल्ली कमरेला होती. तू म्हणालीस, "फुटंल. हातात बळ न्हाई तुमच्या."

"मी धरते ग्लास," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. तिनं स्टीलच्या वाटीतून चमच्यानं पाणी घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

मी तुला बाहेर ओसरीत ओढून नेलं. शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल असं झालं होतं मला. मी म्हटलं, एक ग्लास फुटला असता तर काय आभाळ कोसळलं असतं? मरणाऱ्या बाईला पाणी द्यायला तुझा जीव होत नाही? तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. तू रिकाम्या पिंपाकडं बघून म्हणालीस, "ते माझ्या सासरचं हाय. मी मेल्यावर घे." पाऊस पडायच्या आत आई गेली. मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. डबा रोज पाठवत होते, तुझा आणि अप्पांचा. तू तो रिकामा करून, घासून, परत पाठवायचीस. ते भांडण आपण पुन्हा काढलं नाही. मला वाटलं होतं, तू जायच्या आधी कधीतरी काढशील.

तर ऐक पुढचं.

त्या संग्राहकानं सांगितलं होतं की नांदेडला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आहे, त्याच्याकडं अशा काचेचे नग येतात, जोडीचा नग सापडला तर कुठून आला ते कळेल. मी एक ग्लास टॉवेलात गुंडाळून गाडीनं नांदेडला गेले. व्यापाऱ्यानं उलटसुलट करून पाहिला, असला नग आपल्याकडं आला नाही म्हणाला. एवढ्या लांब आलेच होते म्हणून मामीकडं गेले. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मामी एकट्याच असतात. तिकडं आपलं जाणं-येणं फारसं नव्हतंच. आई माहेरी क्वचित जायची. तू घरी एकटी राहशील म्हणून.

हात-पाय धुवायला मोरीत गेले. खिडकीच्या कठड्यावर मामांचा दाढीचा ब्रश अजून तसाच होता, एका ग्लासात उभा केलेला. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं ग्लास पांढराफटक पडला होता, चुना लावल्यासारखा. लहानपणीही तो मी तिथंच पाहिला असणार. हाताला धारा लागल्या म्हणून उचलला. उभ्या धारा. मी ब्रश काढून ठेवला, स्वयंपाकघरातून लिंबू आणलं, मोरीतच उकिडवं बसून घासायला लागले. थोड्या वेळानं थराखालून पोपटी रंग निघाला. बूड उलटं केलं. चांदणी. तिच्या त्याच टोकाला तिळाएवढा खड्डा.

मामी दारात आल्या. "काय करून राहिलीस गं तिथं?"

"मामी, हा ग्लास कुठला?"

"तो होय? तुझ्या आजोबांच्या दुकानातला."

"कुठलं दुकान? किराण्याचं?"

मामी हसल्या. "किराण्याचं कुठलं? सरबताचं दुकान होतं की, टेसनाजवळ. सब्जाचं सरबत घ्यायला लोक गाडी सोडून यायचे म्हणे. आजोबांनी हैदराबादेहून पेटी भरून आणले होते हे ग्लास. दुकान बंद पडलं तेव्हा उरलेसुरले तुझ्या आईला लग्नात दिले, जग, साखरेचं भांडं सगळं. हा एक यांनी दाढीला ठेवून घेतला." मग त्या माझ्या तोंडाकडं बघून थांबल्या. "कामून गं? आईनं सांगितलं नाही कधी?"

पिशवीतला ग्लास काढून मी त्याच्याशेजारी ठेवला. मामी दोन्हींकडं बघत राहिल्या. मी तिथंच मोरीच्या ओल्या फरशीवर बसले. आत्या, माझी आई त्या दुकानात लहानाची मोठी झाली होती. शाळेतून आली की फळीवर बसून ती हाच ग्लास तोंडाला लावत असेल. त्या उन्हाळ्यात ती तुझ्याकडं तुझी काच मागत नव्हती. तिची स्वतःची मागत होती. तुझ्या तोंडावर, तुझी परवानगी घेऊन, आणि तू नाही म्हणालीस.

लातूरला उतरून मी घरी गेलेच नाही. रिक्षा करून थेट अप्पांकडं गेले. ते पडवीत खुर्चीवर होते. मी दोन्ही ग्लास त्यांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवले. "हे कुणाचे?"

अप्पांनी चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुझ्या आईचे."

"तुम्हाला माहीत होतं."

"मीच मागितले होते तिला."

मग ते सावकाश बोलले. बहात्तरचा दुष्काळ होता. तुझा नवरा तापानं गेला, आणि खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून सासरच्यांनी तुला उदगीरच्या गाडीत बसवून दिलं. टेसनावर अप्पा घ्यायला आले तेव्हा तुझ्या हातात एक कापडी पिशवी होती, तीत दुसरं लुगडं होतं. मंगळसूत्रसुद्धा काढून घेतलं होतं. "सासऱ्यांचं नवाबाशी काय नातं न्हवतं," अप्पा म्हणाले. "ते हमालांचं मुकादमपण करायचे." गल्लीतल्या बायका भेटायला येणार होत्या. सासरहून काय आणलं, हे त्या बघणार होत्या. तू आतल्या खोलीत भिंतीला डोकं आपटत होतीस. तेव्हा अप्पांनी आईला विचारलं, तुझे ते ग्लास चार दिवस गंगाच्या खोलीतल्या कपाटात ठेवू का. मी तेव्हा तिच्या कडेवर होते. आईनं मला खाली ठेवलं, स्वतः ग्लास धुतले, पुसले आणि त्या कपाटात मांडले.

"चार दिवस," मी म्हटलं.

"हाव."

"मग परत का नाही मागितले?"

"एकदा तिचे म्हणून सांगितल्यावर कसं मागायचं? तुझ्या आईनं एकदा विचारलं होतं मला. मी म्हणलो, बघू."

"आणि जग फुटला तेव्हा? तिच्याच बापाचा जग, आणि आत्या तिला साहेबांसमोर बोलली."

"हाव. मी गप्प बसलो."

"शेवटी तिनं पाणी मागितलं तेव्हा?"

अप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हातारे झालेत ते, आत्या, तू गेल्यापासून आणखीच. "त्या दिवशी मी गेलो होतो गंगाकडं. म्हणलो, दे गं एक ग्लास, तिचाच हाय. ती म्हणली, ठावं हाय मला. आता दिला तर मी कोन ऱ्हायले?"

या वाक्यापर्यंत मी तुला वाट ठेवली होती. मला वाटत होतं, इतक्या वर्षांत तू विसरली असशील. सांगून सांगून तुझं तुलाच खरं वाटायला लागलं असेल, माणसाचं होतं असं. पण तुला ठाऊक होतं. आईचा तळवा कापला तेव्हा ठाऊक होतं, "वैनीसारखं झालं" म्हणताना ठाऊक होतं, आणि उंबऱ्यात बसून तिला नाही म्हणतानाही. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तू माझं मनगट धरून म्हणालीस, "काचा तुझ्या..." आणि खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, बरं. नंतर वाटलं, "तुझ्या आईच्या" असं म्हणायचं असेल तुला. असं मानून घेतलं तर मला झोप लागेल. पण तुला पुढं आणखी दोन दिवस बोलता येत होतं. तू पाणी मागितलंस, उशी सरकवायला सांगितलीस, गावाकडच्या म्हशीचं विचारलंस. राहिलेला शब्द काही पुरा केला नाहीस.

तू आलीस तेव्हाच्या त्या पिशवीचं मला वाईट वाटतं. भिंतीला डोकं आपटणाऱ्या त्या सत्तावीस वर्षांच्या पोरीला मी माझ्या हातानं ग्लास मांडून दिले असते. पण ते आईनं आधीच केलं होतं. त्याची परतफेड तू तिला अशी केलीस.

गेल्या सोमवारी उदगीरच्या शांतामावशी आल्या. तुझ्या शेजारच्या घरातल्या, तुझ्याच वयाच्या. गुडघ्यांमुळं त्यांना आधी येता आलं नाही, सून गाडीनं घेऊन आली. अप्पांपाशी बसल्या, तुझं नाव काढून रडल्या. चहा झाला. मग इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "गंगीच्या त्या हैदराबादच्या काचा कुठं हायत आता?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं असेल, मी सांभाळून घेईन. आईनं घेतलं असतं.

"माझ्याकडं आहेत," मी म्हटलं. "पण त्या हैदराबादच्या सासरच्या नाहीत, मावशी. माझ्या आईच्या माहेरच्या आहेत."

मला वाटलं होतं, त्या दचकतील. विश्वास ठेवणार नाहीत. म्हणतील, मेलेल्या बाईवर असं बोलू नये. त्यांनी बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला आणि पदरानं तोंड पुसलं.

"आम्हाला ठावं होतं की," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"आमचे मालक मालाला नांदेडला जायचे. तुझ्या आज्याच्या दुकानात सरबत पिलेले. पहिल्या दिशीच गिलास बघून घरी येऊन म्हणले, ह्ये तर त्या सरबतवाल्याचे. दुपारपतुर सगळ्या गल्लीला मालूम झालं."

"मग कुणी बोललं कसं नाही? पन्नास वर्षं?"

"तुझी आई दारोदार आली होती की. तू कडेवर होतीस. हात जोडून म्हणली, काय बोलू नका, तिच्याजवळ दुसरं कायच न्हाई." शांतामावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग गंगी बेल्जम म्हणायची, आम्ही हाव म्हणायचो. लई कीव यायची बिचारीची."

अप्पा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांनाही हे नवीन होतं.

तर असं आहे, आत्या. तू ज्यांच्यासाठी ती किल्ली कमरेला बांधून फिरलीस, त्यांच्यातल्या एकीनंही तुझ्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता. आईनं तुझ्यामागं दारोदार जाऊन सगळ्यांची तोंडं बंद केली होती, आणि ते तिनं तुला कळू दिलं नाही, अप्पांना नाही, मला नाही. तू एक ग्लास काढून तिला पाणी दिलं असतंस तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. गल्लीत कुणी वर मान करून पाहिलंही नसतं.

मी शिकले ते तुझ्यामुळं. ते मी कुणापुढंही सांगेन, आजवर सांगत आले. पण कीव माझ्याकडं मागू नकोस. ती त्या बायकांनी तुला भरपूर दिली, आणि त्यांच्याही आधी माझ्या आईनं. आमच्या घरातली तुझ्या वाटणीची संपली.